चार किलोंचं अंतर

आमच्या चकलांब्याकडं, गेवराई तालुक्यात, जत्रेच्या फडात वजनकाटा नसतो. पंच दोघांना शेजारी उभं करतो, खांदे-मांड्या न्याहाळतो आणि जोड लावतो. रेवडीवरच्या पोरांपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत सगळा कारभार नजरेचा. म्हणून आपल्याच बीड जिल्ह्यातल्या, पाटोद्याच्या राहुल आवारेची गोष्ट निघाली की म्हातारे पैलवान आधी काट्यालाच शिव्या घालतात.

वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पोरगा पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत आला, तो हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली. १९६९ चे हे महाराष्ट्र केसरी सगळ्यांचे ‘मामा’. २०११ साली मामा गेले, पुढं काका पवारांनी सांभाळलं. २०१६ ला रिओचं ५७ किलोचं तिकीट संदीप तोमरला मिळालं, राहुल मागं राहिला. १२ एप्रिल २०१८ ला गोल्ड कोस्टला त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ नं हरवलं आणि राष्ट्रकुलचं सुवर्ण मामांना वाहिलं.

टीव्हीवर दिसतात ती सहा मिनिटं. वजन तोडायची रात्र कुणी दाखवत नाही. अंगावर दोन-दोन स्वेटर, दोरीवरच्या उड्या आणि तहान लागली तर नुसती चूळ. खुराकावर वाढलेल्या पोरासमोर ताट असतं, हात लावायचा नसतो. २०१८ पासून तर वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होतं. सावरायला रात्रही मिळत नाही.

२०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत राहुल ६१ किलोत उतरला. अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ नं हरवून कांस्य घेतलं. पण ऑलिंपिकमध्ये ६१ किलो हा गटच नाही! त्याच स्पर्धेत ५७ किलोत कांस्य घेणारा रवी दहिया टोकियोला गेला आणि रौप्य घेऊन आला. राहुलला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, पोलीस उपअधीक्षकाची वर्दीही चढली. ऑलिंपिकचं मॅट तेवढं राहिलं.

आमच्या फडातल्या पंचापुढं हे दोघं उभे राहिले असते, तर त्यानं खांदे बघून एवढंच म्हटलं असतं, “जोड बरोबर आहे. लावा सलामी.”