परदेशचा पैसा घरी येतो कसा?

परदेशी राबणारा मुलगा पैसे धाडल्याचे कळवितो, आणि चार दिवस लोटले तरी पासबुकात काही जमा होत नाही. अशा वेळी आईच्या जिवाची होणारी घालमेल आमच्या अनेक वाचक कुटुंबांस अनुभवाने ठाऊक आहे. वाण्याची उधारी तुंबलेली असते, शाळेची फी भरावयाची असते. मग पैसा अडला कोठे?

वस्तुतः पैसा समुद्र ओलांडून येतच नाही; येतो तो निरोप. तिकडची बँक मुलाच्या खात्यातून रक्कम वजा करते व इकडच्या बँकेस ती देण्याविषयी कळविते. या दोन बँकांची परस्परांकडे खाती नसतील, तर मध्ये तिसरी, क्वचित चौथी बँक येते. प्रत्येकीची तपासणी निराळी, सुट्ट्या निराळ्या आणि आकारही निराळा!

पूर्वी असे निरोप तारेने व टेलेक्सने जात. ते काम संथ असे, आणि चुकांस वाव फार. म्हणून १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी बेल्जियममध्ये 'स्विफ्ट' ही सहकारी संस्था स्थापिली. १९७७ पासून तिच्याद्वारे ठराविक नमुन्याचे निरोप जाऊ लागले. तरीही वाटेत रक्कम कोठे आहे, हे पाठविणाऱ्यास कळत नसे. २०१७ पासून झालेल्या सुधारणांनी ही उणीव बरीच भरून निघाली. आता स्विफ्टमार्गे धाडलेल्या रकमेस ३६ अक्षरांकांची स्वतंत्र खूण मिळते, व तिच्यावरून बँक माग काढू शकते. २०२३ च्या फेब्रुवारीत भारताची यूपीआय व सिंगापूरची पे-नाऊ या व्यवस्था जोडल्या गेल्या, आणि त्यांत सहभागी असलेल्या बँकांतून लहान रकमा फोनवरून लगोलग येऊ लागल्या.

तथापि काम संपलेले नाही. जागतिक बँकेच्या अलीकडील हिशेबानुसार २०० डॉलर परदेशाहून घरी धाडण्यास जगात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणावा, असे संयुक्त राष्ट्रांनी ठरविले आहे. ठरीव आकार लहान रकमेस अधिक बोचतो. म्हणजे ज्याची मिळकत थोडी, त्याच्याच घामाचा मोठा वाटा वाटेत गळतो. हा केवळ सोयीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

तोवर आपण इतके करावे: खात्यावरील नाव अक्षरशः पासबुकाप्रमाणे कळवावे, धाडण्यापूर्वीच, हाती नेमके किती रुपये पडतील, हे मुलास विचारावयास सांगावे, कारण चलनाच्या दरातही आकार दडलेला असतो, आणि रक्कम अडल्यास ती खूण घेऊन नि:संकोचपणे बँकेत जावे. कष्टाच्या पैशाची विचारपूस करण्यात लाज कसली?