पहिला मान सोडण्याचा हिशेब

शाळेच्या पटांगणावर गडी वांटून घेण्याची रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि पाळीपाळीनें एकेक गडी आपल्याकडे ओढतात. पहिला गडी कोणी मागावयाचा, यावरून जो गलका होतो तो मीं मास्तरकीच्या साऱ्या काळांत ऐकला आहे. आतां अशी कल्पना करा कीं, एक म्होरका म्हणतो, "पहिला गडी तूं घे, मला मात्र मागून एक गडी जास्त दे." पोरें त्याला वेड्यांत काढतील. पण अमेरिकेंतील व्यावसायिक फूटबॉल-संघांचे कांहीं चालक हा वेडेपणा जाणूनबुजून करीत आले आहेत. मुलाकडे सिॲटल शहरीं कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां त्यामागचा हिशेब मला प्रथम उमगला.

हा फूटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातांत धरून पळावयाचें किंवा फेंकावयाचा. त्याच्या राष्ट्रीय संघटनेंत ३२ संघ आहेत. कॉलेजांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू या संघांनीं वांटून घेण्यासाठीं दर वसंतांत सात फेऱ्यांची निवड होते; तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामांत ज्याची सर्वांत दुर्दशा झाली त्या संघाची पाळी पहिली, अजिंक्य संघाची शेवटची. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावांत पैसा बोलतो, येथें पाळी बोलते. ही युक्ति फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची. बडे संघ उत्तम खेळाडू पळवितात आणि दुबळे दुबळेच राहतात, हें पाहून १९३५ सालीं त्यांनीं ती सुचविली, व १९३६ च्या फेब्रुवारींत पहिली निवड झाली. गंमत अशी कीं, त्या वेळीं सर्वांच्या आधीं निवडलेला जे बर्वांगर हा तरुण व्यावसायिक फूटबॉल कधींच खेळला नाहीं!

ही गंमत ध्यानांत ठेवावी. सौद्याचें मूळ तेथेंच आहे.

पाळी विकतां येते. डॅलस संघाचे शिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कारकीर्दींत, १९९० नंतर, पाळ्यांच्या मोलाचें एक कोष्टक तयार झालें. पहिल्या पाळीस ३००० गुण, बाराव्या पाळीस १२००, पंधराव्या पाळीस १०५०, असें तें उतरत जातें. पंधराव्या पाळीचा संघ बाराव्या जागीं येऊं म्हणेल तर त्यानें या दीडशें गुणांची भरपाई पुढच्या फेऱ्यांतील पाळ्या देऊन करावी, असा संकेत. हें मोल खरें का? केड मॅसी व रिचर्ड थेलर या दोन विद्वानांनीं तें तपासलें. थेलर यांना पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल मिळालें. त्यांना असें आढळलें कीं, एकाच जागेवर खेळणाऱ्या खेळाडूंत आधीं निवडलेला हा त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षां सरस निघण्याचें प्रमाण शेकडा सुमारें ५२ आहे. नाणें उडविण्याहून हें कितीसें निराळें? शिवाय आधींच्या पाळीच्या खेळाडूस वेतनही अधिक, आणि संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा घातलेली. तेव्हां ज्याला आपल्या पारखेचा फाजील गर्व नाहीं, त्यानें एका नाण्याच्या मोबदल्यांत दोन-तीन नाणीं घ्यावीं, हें ओघानेंच येतें.

पण नुसतीं नाणीं गोळा करून भागत नाहीं. तीं उडवावीं लागतात. म्हणजे आलेल्या पोरांना खरोखरच एकमेकांशीं झुंजूं द्यावें लागतें. सिॲटलचा दाखला येथेंच उपयोगी पडतो. तेथें २०१० सालीं पीट कॅरोल हे शिक्षक व जॉन श्नायडर हे व्यवस्थापक आले. 'सदैव स्पर्धा करा' हा कॅरोल यांचा मंत्र. २०१२ च्या निवडींत त्यांनीं बारावी पाळी फिलाडेल्फियास देऊन पंधरावी घेतली, व वर चौथ्या आणि सहाव्या फेरींतील एकेक पाळी पदरांत पाडली. दुसऱ्या फेरींत पुन्हां तेंच. ४३ वी पाळी सोडून ४७ वी घेतली, आणि तींत बॉबी वॅग्नर हा पुढें नामांकित झालेला बचावपटु सांपडला. तिसऱ्या फेरींत, ७५ व्या पाळीस, रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेंकून संघाची चाल चालविणारा मुख्य गडी. विल्सनची उंची सहा फुटांहून कमी, म्हणून इतरांनीं त्याला मागें टाकलें होतें.

त्याच वर्षीं त्याच जागेसाठीं मॅट फ्लिन या अनुभवी खेळाडूशीं मोठ्या रकमेचा करार झालेला होता. दिलेल्या पैशाची लाज कोणाला नसते? दुसरा शिक्षक असता तर त्यानें फ्लिनलाच उभें केलें असतें. कॅरोल यांनीं उन्हाळी सरावांत दोघांना झुंजविलें आणि जागा विल्सनला दिली. माझ्या मतें साऱ्या प्रकरणांत अवघड गोष्ट हीच. पाळ्यांची देवघेव त्यापुढें सोपी. २ फेब्रुवारी २०१४ रोजीं या संघानें डेन्व्हरचा ४३ विरुद्ध ८ असा धुव्वा उडवून अजिंक्यपद मिळविलें.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोडून दिलेल्या त्या बाराव्या पाळीस फिलाडेल्फियानें फ्लेचर कॉक्स याला घेतलें. तो बारा हंगाम त्यांच्याकडे खेळला आणि थोर बचावपटूंत गणला गेला. सिॲटलनें पंधराव्या पाळीस घेतलेला ब्रूस आयर्विन उपयोगी होता, पण त्या तोडीचा नव्हे. पुढें २०१७ सालीं सिॲटलनें २६ वरून ३१, ३१ वरून ३४, ३४ वरून ३५ अशी तीनदां माघार घेतली, आणि अखेर ज्या मलिक मॅकडॉवेलला निवडलें त्याला वाहनाच्या अपघातांत इजा होऊन तो त्यांच्यासाठीं एकही सामना खेळूं शकला नाहीं. नाणें उडविणाऱ्यानें हेंही पत्करलेलें असतें.

राहतां राहिलीं तीं पोरें. उन्हाळ्यांत प्रत्येक संघ नव्वद खेळाडूंपर्यंत जमवूं शकतो. ऑगस्टच्या अखेरीस ५३ ठेवावयाचे. कांहींना सरावाच्या तुकडींत जागा मिळते, बाकीचे घरीं. ज्याचें नांव कटलें त्याला सकाळीं निरोप येतो कीं, साहेबांना भेटा आणि डावांची वही बरोबर आणा. आतां त्या वहीच्या जागीं टॅब्लेट आला आहे. तोही परत द्यावा लागतो.