थांबा, अण्णा बोलताहेत!

आमच्या मामंजींना घरात सगळे अण्णा म्हणतात. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. "पुढे सरका, पुढे सरका" करून कमावलेला खणखणीत आवाज! सकाळी ओसरीवरून त्यांनी "चहा झाला का गं?" विचारलं, की शेजारच्या काकूंकडेही आधण चढायचं. जोडीला विड्या होत्या, तेही लपवत नाही.

२०१८ साली हा आवाज बसला. आम्ही घरचे सगळे उपाय केले. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. चार महिने गेले. भगिनींनो, त्या चार महिन्यांची चुटपुट मला अजून आहे. तीन आठवडे उलटूनही बसलेला आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्यायचाच. स्वरयंत्राचा कर्करोग लहान असताना सापडला, तर पुष्कळदा नुसत्या किरणोपचारांनी बरा होतो आणि स्वरयंत्रही वाचतं. अण्णांचं मात्र समूळ काढावं लागलं.

म्हणजे नेमकं काय होतं, हे मला बी.ए. होऊनही ठाऊक नव्हतं. श्वासनळी गळ्याच्या पुढच्या बाजूला उघडतात आणि माणूस जन्मभर तिथूनच श्वास घेतो. नाकातून हवा जात नाही, म्हणून वास फारसा कळत नाही. दूध नासलं तरी कळत नाही, गॅस सुटला तरी नाही. रात्री सिलिंडर बंद केलाय ना, हे मी दोनदा बघते. चहावर फुंकर घालता येत नाही. हवा गाळायला नाक मधे नाही, म्हणून मिरचीच्या फोडणीचा ठसका घरात सगळ्यांत आधी त्यांना लागतो. माझ्या जुन्या मलमलच्या साडीचे मी गळपट्टे शिवलेत, रोज दोन लागतात. आंघोळीला पाणी गळ्याखालूनच घ्यायचं. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: असं माणूस बेशुद्ध पडलं, तर श्वास द्यायचा तो तोंडातून नव्हे, गळ्याच्या छिद्रातून.

ह्या सगळ्याची सवय होते. बोलण्याची गोष्ट निराळी.

मी पडले अर्धवेळ शिक्षिका. शाळेतून पाटी-खडू घेऊन आले. इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ती पाटी लगेच परत पाठवली, कारण खडूची पूड थेट श्वासनळीत जाते! मग वही आली. पण अण्णांचं लिहून होईतो आमच्या गप्पा दुसऱ्याच गावाला पोचलेल्या असत. ते वही मिटून ठेवत. एक पाहुणे तर त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. अण्णांनी लिहिलं, "मी बहिरा नाही."

आवाज परत मिळवायच्या वाटा तीन. हवा अन्ननळीत घेऊन ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायचं. ह्याला खर्च नाही, पण महिनोन्‌महिने सराव हवा. दुसरी, गळ्याला टेकवायचं बॅटरीवरचं यंत्र; आवाज एकसुरी येतो. तिसरी म्हणजे श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामध्ये बसवलेली छोटी सिलिकॉनची झडप. गळ्याचं छिद्र बोटानं झाकलं, की श्वास झडपेतून अन्ननळीत जातो आणि आवाज उमटतो. अमेरिकेतल्या सिंगर आणि ब्लोम यांनी १९८० च्या सुमारास ही झडप पुढे आणली. ती रोज साफ करावी लागते, काही महिन्यांनी बदलावी लागते, आणि परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. म्हणूनच बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी सुमारे पन्नास रुपयांची झडप तयार केली, ह्याचं मोल आमच्यासारख्यांना विचारा.

अण्णांना झडप बसवली. आवाज घोगरा. (हा आवाज बायकांचाही असाच जाड येतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंना फोनवर सगळे 'काका' म्हणतात. त्यांनी फोन घेणंच सोडलंय.) सुरुवातीला दोन शब्दांनंतर श्वास लागे. मला वाटे, त्यांना त्रास कशाला, आपणच वाक्य पुरं करावं. कुणी काही विचारलं तर उत्तरही मीच देई.

एकदा रात्री जेवताना ते म्हणाले, "ता…" मी ताक वाढलं. त्यांनी हात आडवा केला, पुन्हा "ता…" मी म्हटलं, "ताजंच आहे हो अण्णा." चिरंजीव हसले. अण्णा मुकाट्यानं जेवले. मागाहून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तात्या गेला. सकाळी पेपरात वाचलं."

तात्या म्हणजे त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर, बावीस वर्षांचे जोडीदार.

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा झाला. अण्णांनी गळ्याशी बोट नेलं, की टीव्ही बंद, मिक्सर बंद, आणि मधे कुणी शब्द पुरवायचा नाही. चिरंजीवांना हे जड गेलं. खरं सांगायचं तर मलाही. चाळीस मुलांच्या वर्गात वाक्यं पुरी करून द्यायची जित्याची खोड!

काल अण्णांनी बोट नेलं. आम्ही सगळे घास हातात धरून थांबलो. "सूनबाई… आमटीत… मीठ विसरलात."

सासूबाई इतक्या हसल्या, की मीठ मलाच उठून आणावं लागलं.