खमका माणूस आणला की शाळा सुधारतात?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरातल्या शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एक खमका माणूस आणून बसवा, सहा महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ होतील." डेट्रॉईटच्या उपनगरांत, ट्रॉय-नोव्हायकडे राहणारी आपली मंडळी हे म्हणतात, आणि त्यांच्याकडे महिनाभर राहून परतलेले आईवडीलही तेच म्हणतात. कडक आयुक्तांच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्याला ते लगेच पटतंही. पण निदान डेट्रॉईटबद्दल तरी हे कुणी बोलू नये. हा प्रयोग तिथे करून झाला आहे, आणि तोही सलग सात वर्षं.

आधी पद काय आहे ते पाहू. अमेरिकेत सरकारी शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि त्याचा प्रशासकीय प्रमुख म्हणजे सुपरिंटेंडंट. आपल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा तो बदलीवर येत नाही. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं शाळा मंडळ जाहिरात देतं, अर्ज चाळतं, शेवटच्या दोन-तीन उमेदवारांच्या मुलाखती अनेकदा लोकांसमोर घेतं आणि ठरावीक वर्षांचा करार करतं. काम कसं चाललं आहे हे विचारणारं आणि पटलं नाही तर घरी पाठवणारंही तेच मंडळ.

डेट्रॉईटमध्ये हे मंडळच अडसर आहे, असं मिशिगन राज्याने ठरवलं. 1999 मध्ये राज्याने निवडून आलेलं मंडळ बाजूला केलं, तेव्हा डिस्ट्रिक्टच्या तिजोरीत शिल्लक होती. काही वर्षांनी कारभार पुन्हा लोकांच्या हाती आला, तेव्हा तूट होती. तरीही 2009 मध्ये राज्यपालांनी डिस्ट्रिक्टचा आर्थिक कारभार हाती घ्यायला इमर्जन्सी मॅनेजर म्हणून रॉबर्ट बॉब यांना नेमलं. 2011 मध्ये कायदा बदलून या पदाला इतके अधिकार दिले की कामगार संघटनांशी झालेले करारसुद्धा त्याला मोडता येऊ लागले. त्याच वर्षी जनरल मोटर्समधले बडे अधिकारी रॉय रॉबर्ट्स आले, 2013 मध्ये जॅक मार्टिन आणि 2015 मध्ये डार्नेल अर्ली. हे अर्ली त्याआधी फ्लिंट शहराचे इमर्जन्सी मॅनेजर होते. फ्लिंटला नदीचं पाणी सुरू झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्यातूनच पुढे नळांतून शिसं आलं.

कुणाची आडकाठी नाही, मंडळाला मत नाही, हवा तो निर्णय घ्यायची मुभा. खमक्या माणसाला आणखी काय लागतं? आणि निकाल काय लागला, तर तूट भरून निघाली नाही, कर्ज वाढत गेलं, शाळा बंद पडत गेल्या आणि मुलं निघून गेली.

याचं कारण कुणाच्या स्वभावात नाही, हिशोबात आहे. 1994 पासून मिशिगनमध्ये शाळेच्या रोजच्या खर्चाचा पैसा मुख्यतः राज्याकडून, दर विद्यार्थ्यामागे येतो. मूल चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण डिस्ट्रिक्टबाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत) किंवा शेजारच्या उपनगरात गेलं की त्याचा पैसाही त्याच्यामागे जातो. पण एका वर्गातली चार मुलं गेली म्हणून शिक्षक कमी करता येत नाही, छत लहान होत नाही, बॉयलर अर्धा पेटवता येत नाही. तोटा भरायला शाळा बंद करायची, की त्या शाळेतली आणखी मुलं डिस्ट्रिक्टच सोडतात. शतकाच्या सुरुवातीला दीड लाखांहून अधिक मुलं असलेल्या या डिस्ट्रिक्टमध्ये 2016 पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास उरली. त्यात इमारतींचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातूनच करायचा, आणि डेट्रॉईटमधल्या घरांच्या किमती तर कोसळलेल्या. ही गळती सुपरिंटेंडंटच्या टेबलावर थांबत नाही, कारण ती तिथे सुरूच होत नाही.

जानेवारी 2016 मध्ये हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. स्पेन नावाच्या शाळेत छत गळून गळून व्यायामशाळेची लाकडी जमीन फुगून वर आली होती आणि भिंतींवर काळी बुरशी चढली होती. शिक्षकांनी फोटो काढले, जगाला दाखवले आणि एकाच दिवशी शेकड्यांनी आजारपणाच्या रजा टाकल्या. 20 जानेवारीला डेट्रॉईटमधल्या 80 हून अधिक शाळा भरल्याच नाहीत. आळशी शिक्षकांनी शाळा बुडवल्या, असं सांगणाऱ्यांनी ते फोटो पाहावेत. मुलं त्या इमारतीत रोज सहा-सात तास बसत होती.

त्या वर्षी विधिमंडळाने 61 कोटी 70 लाख डॉलर मंजूर केले, जुना डिस्ट्रिक्ट फक्त कर्ज फेडण्यापुरता ठेवला आणि शाळांसाठी नवा डिस्ट्रिक्ट स्थापन केला. मंडळ पुन्हा लोकांचं झालं. सात जागांसाठी 63 उमेदवार उभे राहिले. लोकांना शाळांचं काही पडलेलं नाही, हा गैरसमज एवढ्या आकड्यावर संपायला हवा.

2017 मध्ये या मंडळाने सुपरिंटेंडंट निवडला. हंगामी प्रमुख अ‍ॅलिशिया मेरीवेदर स्वतः डेट्रॉईटच्या शाळांत शिकल्या होत्या आणि तिथेच त्यांनी शिकवलंही होतं. अंतिम यादीत त्यांना स्थान मिळालं नाही म्हणून शहरात बराच संताप झाला. निवड झाली निकोलाय विट्टी यांची. ते फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे सुपरिंटेंडंट होते, पण मूळचे डेट्रॉईटशेजारच्या डिअरबॉर्न हाइट्सचे. आल्यावर त्यांनी मेरीवेदर यांना सोबत ठेवलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शहर ओळखणारा माणूस बाहेर काढून कुठलाच डिस्ट्रिक्ट उभा राहत नाही.

विट्टी यांनी केलेली कामं मथळ्यांची नव्हती. शिक्षकांच्या दोनशेहून अधिक जागा रिकाम्या होत्या, त्या भरायला घेतल्या. अभ्यासक्रम बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतला, तर तो राज्याच्या अपेक्षांशी जुळतच नव्हता. म्हणजे मुलांची परीक्षा एका गोष्टीची आणि शिकवणं दुसऱ्याच गोष्टीचं. वाचन आणि गणिताची पुस्तकं बदलली. ऑगस्ट 2018 मध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, तपासलेल्या 24 शाळांपैकी 16 शाळांच्या पाण्यात शिसं किंवा तांबं मर्यादेबाहेर आढळलं. तेव्हा त्यांनी सर्व 106 शाळांमधलं पिण्याचं पाणी बंद केलं, आधी बाहेरून पाणी पुरवलं आणि पुढे गाळणी बसवलेली यंत्रं लावली.

मग सुपरिंटेंडंटला काही अर्थच नाही का? तसंही नाही, आणि इथे आकडा नीट वाचायला हवा. ब्रुकिंग्ज संस्थेने 2014 मध्ये फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिनाची आकडेवारी तपासली. विद्यार्थ्यांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 0.3 टक्के भाग सुपरिंटेंडंटशी जोडता येतो, असं त्यात आढळलं. याचा अर्थ कुणालाही नेमा असा कुणी काढू नये. एका मुलाच्या गुणांवर घर, शिक्षक आणि शाळा यांची छाप कितीतरी गडद असते, एवढंच ते सांगतं. चांगला सुपरिंटेंडंट वर्गातल्या शिक्षकाला पुस्तक, पाणी आणि सहकारी मिळवून देतो. वाईट सुपरिंटेंडंट तेवढंही करत नाही.

आता बाकीचे समज. "कंपनी चालवलेला माणूस हवा": न्यूयॉर्कने 2011 मध्ये मासिकांच्या प्रकाशन व्यवसायातल्या कॅथी ब्लॅक यांना शाळांच्या प्रमुख केलं, त्या तीन महिन्यांत गेल्या. "धडाक्याने माणसं काढली की शिस्त येते": वॉशिंग्टनमध्ये शाळांच्या प्रमुख मिशेल री यांनी जुलै 2010 मध्ये 241 शिक्षकांना काढलं, आणि त्यांना नेमणारे महापौर त्याच सप्टेंबरमध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरले. री यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. "वर्षभरात निकाल दिसला पाहिजे": नव्या पुस्तकावर पहिलीत वाचायला शिकलेलं मूल आठवीच्या परीक्षेला बसायला सात वर्षं लागतात. "हा डेट्रॉईटचा प्रश्न, उपनगरांचा काय संबंध": 1974 मध्ये मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉईट आणि उपनगरांच्या शाळांचं एकत्रीकरण नाकारलं. ज्या सीमेच्या पलीकडे आपली मुलं चांगल्या शाळेत जातात, ती सीमा त्या निकालाने पक्की झाली.

उमेदवाराच्या जाहीर मुलाखतीला जाणाऱ्या पालकांनी त्याला किती कडक आहात हे विचारू नये. मागच्या डिस्ट्रिक्टमध्ये किती वर्षं टिकलात, तुम्ही गेल्यावर किती मुख्याध्यापक टिकले आणि तिसरीतली किती मुलं वाचू लागली, हे विचारावं. आणि शेजारी बसलेल्या मंडळाच्या सदस्यांना विचारावं की या माणसाला तुम्ही किती वर्षं देणार आहात.