चिकाटीची प्रार्थना आणि आरोग्यलाभ : ख्रिस्ती श्रद्धेचा एक विचार

प्रस्तावना :
आजारपणात प्रार्थना करणे ही ख्रिस्ती समाजातील प्राचीन परंपरा आहे. तथापि 'विश्वास पुरेसा असेल तर आजार बरा होतोच' अशी समजूत काही ठिकाणी रूढ झालेली दिसते. तिच्या आहारी जाऊन कोणी औषधोपचार थांबवतो, तर कोणी बरे न होणाऱ्या रुग्णाच्या श्रद्धेवरच शंका घेतो. म्हणूनच चिकाटीच्या प्रार्थनेचा मूळ अर्थ तपासणे आवश्यक ठरते.

बायबलमधील आधार :
लूककृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा दाद मागते आणि अखेर न्याय मिळवते. या दृष्टांतातील मागणी आरोग्याची नसून न्यायाची आहे, हे लक्षणीय होय. शिवाय देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असे येथे सुचवायचे नाही. असा मनुष्यही अखेर ऐकतो, तर न्यायी देव निश्चितच ऐकेल, असा युक्तिवाद त्यामागे आहे. खचून न जाता प्रार्थना करीत राहणे, हे दृष्टांताचे सार होय.

चिकाटी आणि आरोग्यलाभ यांची सांगड घालणारे प्रसंगही आहेत. यरीहो येथील आंधळा बार्तीमय लोकांनी गप्प बसविले तरी हाक मारीत राहतो आणि त्याला दृष्टी लाभते. परंतु याच नव्या करारात याच्या उलट उदाहरण आहे. 'शरीरातील काटा' दूर व्हावा म्हणून प्रेषित पौलाने तीन वेळा विनंती केली. काटा गेला नाही, मात्र तो सोसण्यास कृपा पुरेशी आहे, असे उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे ख्रिस्ती परंपरेने कधीही मानले नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांधाविषयी 'पाप कोणाचे?' असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू पाप त्याचेही नाही व त्याच्या आईवडिलांचेही नाही, असे सांगतो.

वैद्यकीय संशोधन :
1988 साली सॅन फ्रान्सिस्को येथील 393 हृदयरुग्णांवरील अभ्यास रँडॉल्फ बर्ड यांनी प्रसिद्ध केला. प्रार्थना झालेल्या गटाची स्थिती काही निकषांवर बरी आढळली. रुग्णालयातील वास्तव्याच्या कालावधीत मात्र लक्षणीय फरक नव्हता. पुढे 2006 साली हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 6 रुग्णालयांतील 1802 बायपास रुग्णांचा अभ्यास मांडला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही, याची खात्री नसलेल्या रुग्णांपैकी प्रार्थना झालेल्यांत 52 टक्के व न झालेल्यांत 51 टक्के जणांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होणार हे निश्चित ठाऊक असलेल्यांत हे प्रमाण 59 टक्के होते. अनोळखी व्यक्तींनी ठराविक दिवस केलेल्या या प्रार्थनेचा वैद्यकीय लाभ येथे दिसला नाही. मात्र रुग्णाच्या उशाशी बसून आप्तांनी केलेली प्रार्थना त्या रुग्णाला व आप्तांना कोणता आधार देते, हा या अभ्यासाचा विषयच नव्हता.

प्रार्थना व उपचार :
याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे व त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. उपचार टाळण्याचा आदेश तेथे नाही. पौलाचा सहकारी लूक हा वैद्यच होता. महाराष्ट्रात मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेले मिशन रुग्णालय याच दृष्टीचे उदाहरण होय. प्रार्थनेवर श्रद्धा असलेल्या मिशनऱ्यानेच तेथे शस्त्रक्रियेची सोय उभी केली.

समारोप :
चिकाटीची प्रार्थना म्हणजे देवावर टाकलेला दबाव नव्हे, तसेच ती औषधाचा पर्यायही नव्हे. उत्तर मनाजोगे मिळो वा न मिळो, देवाशी असलेले नाते न तोडणे हा तिचा गाभा आहे. त्यामुळे बरा न झालेल्या रुग्णावर अविश्वासाचा ठपका ठेवणे हे केवळ क्रूरपणाचे नव्हे, तर मूळ ख्रिस्ती शिकवणुकीशीही विसंगत ठरते.