ट्रेलर ओढताना वेग किती ठेवावा?

अमेरिकेत डिझेल पिकअपला ट्रेलर जोडून लांबच्या प्रवासाला निघणारे पुष्कळ. कॅलिफोर्नियात अशा गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. डिझेलच्या हिशेबानेही ती परवडते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५ वरून ६५ मैलांवर गेलात, की तो सुमारे ४० टक्क्यांनी चढतो. उलट फार हळू गेल्यास वरचा गिअर पडत नाही.

मोठ्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचा टॉर्क साधारणपणे मिनिटाला १,६०० ते १,८०० फेऱ्यांना सर्वाधिक असतो. सपाट रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये टॅकोमीटरचा काटा या फेऱ्यांच्या आसपास स्थिरावला, की वेग जमला. चढावर इंजिन दमू लागले, तर खालचा गिअर टाका. ट्रेलरच्या टायरची वेगमर्यादा मात्र निघण्यापूर्वीच पाहा आणि ती कधीही ओलांडू नका.