घडीच्या चाकूचे बळ कशात असते?

बंगळुरू – बागकाम, वीजजोडणी, बांधकाम किंवा गिर्यारोहण अशा कामांसाठी घडीचा चाकू विकत घेताना ग्राहक प्रथम त्याची धार पाहतो आणि पोलाद किती कडक आहे, याची चौकशी करतो. परंतु धार बोथट झाली तर ती पुन्हा लावता येते. खरा धोका असतो तो पाते मोडण्याचा किंवा काम चालू असताना ते अचानक बोटांवर मिटण्याचा. हे दोन्ही धोके केवळ कडक पोलादाने टळत नाहीत.

म्हैसूरचे पोलाद आणि लंडनचा चाकू

हा धडा ज्या पोलादाने जगाला दिला, त्याचे एक उगमस्थान बंगळुरूच्या आसपासच आहे. जुन्या म्हैसूर राज्यात मातीच्या बंद मुशीत लोखंड व वनस्पतींचे अवशेष एकत्र तापवून पोलाद तयार केले जाई. टिपू सुलतानच्या पाडावानंतर १८०० साली या प्रदेशातून प्रवास केलेल्या फ्रान्सिस बुकानन यांनी तेथील पोलादाच्या भट्ट्यांचे वर्णन करून ठेवले आहे. युरोपात हे पोलाद ‘वूट्झ’ नावाने ओळखले गेले. हा शब्द कानडीतील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद या शब्दावरून आला, असे मानले जाते.

मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला पाठविले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. जेम्स स्टोडार्ट या चाकू बनविणाऱ्या कारागिराने त्यातून एक कलमतराश घडविला. त्यासाठी त्याने पोलाद अंधारातच लाली दिसेल इतपत मंद तापविले होते. त्या चाकूची धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली.

या मंद आचेला कारण होते. वूट्झमध्ये कार्बनचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के असते. असे पोलाद फार तापवून घणाखाली घेतले, तर ते चुरा होऊन फुटते. पुढे स्टोडार्ट यांनी मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील शारदा श्रीनिवासन आणि भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी २००४ मध्ये या पोलादाच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

कडकपणा आणि चिवटपणा

पोलादाचा कडकपणा ‘रॉकवेल’ मापाने मोजतात. हिऱ्याचे टोक ठराविक दाबाने पोलादात किती खोल रुतते, यावरून हा आकडा ठरतो. खिशातील चाकूंची पाती साधारणतः ५५ ते ६२ या दरम्यान असतात. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या प्रसिद्ध चाकूंचा आकडा ५६ च्या आसपास आहे. आकडा जास्त असेल तर धार अधिक काळ टिकते.

चिवटपणा हा मात्र वेगळा गुण आहे. आघात सोसूनही न मोडण्याची ही क्षमता मोजताना खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा घाव घालतात. एकाच पोलादात कडकपणा वाढविला की चिवटपणा बहुधा घटतो. म्हणून पाणी दिलेले पाते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केला जातो. ही पायरी नीट पार पडली नाही, तर महाग पोलादही कामाचे राहत नाही. क्रोमियममुळे पाते गंजापासून वाचते. परंतु कार्बन व क्रोमियमचे कठीण कण मोठे असल्यास तेथूनच तडा जाण्याची शक्यता असते.

पात्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. धारेमागे फार पातळ केलेले पाते उत्तम कापते, पण आडवा ताण पडताच त्याचे तुकडे उडतात.

सांधा हीच खरी कसोटी

अखंड चाकूत पात्याचे पोलाद मुठीपर्यंत गेलेले असते. घडीच्या चाकूत ते एका खिळ्यापाशी थांबते. सारा भार तो खिळा, पात्याला अडविणारी खुंटी आणि खटका यांनाच पेलावा लागतो.

कापताना पाते खुंटीवर दाबले जाते आणि खटक्यावर फारसा ताण येत नाही. पाते लाकडात अडकल्यावर ओढून काढताना किंवा त्याच्या पाठीवर दाब पडताना मात्र तो मिटण्याच्या दिशेने काम करतो. समजा, खिळ्यापासून ८० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे टोकापाशी, पाच किलो भार पडला आणि खटका खिळ्यापासून आठच मिलिमीटरवर असला, तर तरफेच्या नियमानुसार खटक्यावर ५० किलोंचा भार येतो.

अनेक पारंपरिक चाकूंत खटका नसतो. पाते केवळ कमानीच्या दाबावर उघडे राहते. फळ सोलण्यास ते पुरेसे आहे. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये फिरते कडे बसविण्यात आले. ते फिरविले की पाते मिटत नाही. आजच्या अनेक चाकूंत मुठीतील धातूची पट्टी पात्यामागे सरकून त्याला रोखते. ही पट्टी जाड असावी आणि पात्याच्या मागील भागाला पूर्णपणे टेकावी.

घेताना काय पाहावे?

पाते पूर्ण उघडून डावीउजवीकडे हलवून पाहावे. सांध्यात खुळखुळ जाणवू नये. खटका प्रत्येक वेळी एकाच जागी आणि पुरता बसावा. खिळ्याऐवजी स्क्रू असल्यास सैल झालेला सांधा आवळता येतो. सांध्यात साचलेली धूळ व खिशातील धागे वेळोवेळी काढून तेथे तेलाचा एखादा थेंब द्यावा, कारण कचऱ्यामुळे खटका अर्धवट बसू शकतो.

एवढी काळजी घेतली तरी घडीचा चाकू ही पहार नव्हे. डब्याचे झाकण उचकटण्यास किंवा पात्याच्या पाठीवर हातोडा मारून लाकूड फोडण्यास तो वापरू नये. खटका कितीही भक्कम असला, तरी पाते मिटण्याच्या मार्गात बोटे न ठेवणे हाच सुरक्षिततेचा पहिला नियम होय.